जिन्यावरचं हसू

चि. लॉरेटा,

न्यूयॉर्कला गेलीस, पण बर्बँकमध्ये तुझी एक आजी अजून जिवंत आहे, आठवतंय का? मला लिहिता येत नाही, म्हणून शेजारची विल्मा लिहितेय.

"पाय सोलवटलेत, हसू येत नाही, नाच सोडते," असं आईला म्हणालीस म्हणे. अगं, माझ्या त्या जुन्या सिनेमात जिन्यावर नाचताना मी हसते ना, तेव्हा माझेही पाय रक्ताळले होते. चकचकीत फरशीवर ओरखडे नकोत म्हणून कॅमेरा सुरू होईपर्यंत आम्ही बुटांवर मोजे चढवायचो. नायक ते काढायला विसरला आणि घसरत थेट माझ्या पायाशी! म्हणाला, "बाई, गुडघ्यावर आलोच आहे, तर आता लग्नाचं विचारूनच घेतो." पुढच्या खेपेलाही मला हसू आवरेना, तेच पडद्यावर आहे.

हे पत्र टाकणार नाही, नाहीतर माझ्या धाकानं नाचशील. तुझं तू ठरव.

तुझी आजी,
हेझेल

ता.क. चीजकेक पाठव. एवढं मात्र विल्मा फोनवर सांगेल.