पंपाची पाचवी पायरी

प्रिय बाबा,

अकरा वर्षं यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिली, पण ती सगळी कंपनीची गुपितं. नव्या नोकरीसाठी नमुना मागितलाय आणि दाखवायला माझ्याकडे एक पान नाही. म्हणून आपला हट्टी पाण्याचा पंप कसा चालू करायचा, ते पायरी-पायरीने लिहिलं. तुम्ही गेल्यापासून आईने त्याला हात लावला नव्हता. शेजारचे काका येऊन चालू करायचे.

कागद तिच्या हाती दिला आणि चाचणीत लिहिणाऱ्याने मदत करायची नाही, या नियमाप्रमाणे गप्प उभी राहिले. चौथ्या पायरीनंतर ती थांबली.

"इथे ते त्याला 'चल रे राजा' म्हणायचे. ते राहिलं."

"त्याने पंप सुरू होत नाही, आई."

"मला धीर येतो."

पाचवी पायरी घातली. नमुना तसाच पाठवतेय. हसले तर हसू देत. टाकी आईने भरली आहे.

तुमची,
धाकटी