हीटर आपापला आणावा

५ जानेवारी
आणि बाबांचं ते ‘तू कुठेच टिकत नाहीस’ हे तर साफ खोटं. बेकरी मी सोडली. गोदामातून काढलं खरं, पण मी तसाही सोडणारच होतो. इथे प्रार्थनाघरात झाडलोट, खुर्च्या, दारं-खिडक्या सगळं माझ्याच अंगावर, म्हणजे मॅनेजरच की. फोनवर तसं सांगितलं तर म्हणाले, मॅनेजरसाहेबांनी आधी धाकटीच्या फीचं बघावं. बहीण वायरमनचा कोर्स करतेय. दुसरा हप्ता दोन हजार, फेब्रुवारी संपायच्या आत. नाहीतर परीक्षेला बसू देणार नाहीत. मी बोलून गेलो, दुसरा-तिसरा दोन्ही एकदमच पाठवतो.
कुठून, ते उद्या ठरवू.

७ जानेवारी
ठरलं. खजिनदारकाका विजेचं बिल धरून कपाळ चोळत बसले होते. हॉल अवाढव्य, छत आभाळाला टेकलेलं, भिंतींवर आठ हीटर. मी म्हटलं, येणारं बिल गेल्या वर्षीपेक्षा खाली आणतो, वाचेल त्यातलं निम्मं माझं. वाढलं तर काय, त्यांनी विचारलं. तर वाढेल त्यातलंही निम्मं माझं, म्हटलं. त्यांनी तीनदा विचारलं, मग कागदावर सही घेतली. माझ्यावर विश्वास बसलेला दिसतोय.
गेल्या वर्षीच्या याच बिलाचा आकडा बावन्नशे. काका आता महिनाभर लेकीकडे. म्हणजे रान मोकळं.

१० जानेवारी
सहा हीटर बंद केले. उरलेल्या दोन हीटरपाशी सगळ्या खुर्च्या ओढल्या. माझ्या खोलीतला मात्र दिवसरात्र चालू. मीच गारठलो तर योजना कोण राबवणार? मीटर तेच आहे, पण तो ऑफिसखर्च.

११ जानेवारी, प्रार्थनेनंतर
लोक अडाणी आहेत. प्रत्येकाने आपापली खुर्ची उचलून जुन्या जागी नेली आणि तिथेच कुडकुडत बसणं पसंत केलं. अगदी मागे खिडकीपाशी बसणाऱ्या आजींना हात जोडून सांगितलं, पुढे या, ऊब आहे. म्हणाल्या, "तीस वर्षं मी इथे बसते. देवाला माझी जागा पाठ आहे. आता या वयात त्याला शोधायला लावू?"
उत्तर सुचलं, पण तोवर त्या घरी पोचल्या होत्या.

१८ जानेवारी
आजी पिशवीतून घरचा हीटर घेऊन आल्या. प्लग मीच लावून दिला. लावता लावता डोक्यात प्रकाश पडला. हीटर त्यांचा, ऊब आमच्या हॉलला, खर्च शून्य. दारावर कागद चिकटवला : ‘थंडी वाजत असल्यास हीटर आपापला आणावा. हुकमावरून.’

२० जानेवारी
धाकटीला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, "दादा, प्लग कुठल्या भिंतीत लावतात?"
हॉलच्या, म्हटलं.
"आणि त्या भिंतीतल्या विजेचे पैसे कोण भरतं?"
चार महिन्यांच्या कोर्सवर पोरगी मला शिकवायला निघाली. एवढ्याशा हीटरची ती केवढीशी वायर, पिऊन पिऊन पिणार किती? मग तिने हीटर किती, किती तास, माझ्या खोलीत काय, सगळं लिहून घेतलं. म्हणाली, दर आठवड्याला विचारत जाईन. शिकण्याची हौस आहे, कौतुक वाटलं.

१ फेब्रुवारी
तेवीस हीटर. ऐन प्रार्थनेत फ्यूज उडाला. वायरमन आला, नुसता हसला आणि अडीचशे उधारीवर मांडून गेला. ते बिलात येत नाहीत, म्हणजे धरायचे नाहीत.

८ फेब्रुवारी
प्रार्थना तासाची, पण लोक संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. विणकाम चालतं, मोजे वाळतात, एक गृहस्थ घोरतात. प्रवचनकार भारावले. म्हणाले, लोकांची ओढ वाढली. त्यांनीही प्रवचन दुप्पट केलं.
मीटरची चकती भिंगरीसारखी फिरतेय. बिघडलं असणार. जुनं आहे.

१२ फेब्रुवारी
मिळणाऱ्या पैशांचं वाटप : फी चार हजार, बाबांना बूट, मला बूट. पण बिल शून्यावर आणलं तरी माझ्या वाट्याला सव्वीसशेच येतात असं निघतंय. गणित पुन्हा करणे.

१९ फेब्रुवारी
बिल आलं. आठ हजार.
काका परतले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सहीचा कागद उलगडून टेबलावर नीट सपाट केला. पगार तीन हजार, त्यातले चौदाशे कापणार. नोकरीवरून काढणारच होते, पण आजी आड आल्या. म्हणाल्या, राहू द्या पोराला, वाकून प्लग लावून देतो.
म्हणजे टिकलो. बाबांना कळवणे. फक्त टिकलो एवढंच.

२६ फेब्रुवारी
पगार झाला. सोळाशे हातात. वायरमन दारातच उभा होता. त्याच्यामागे किराणावाला. उरलं त्यात महिनाभर जेवायचंही आहे.
धाकटीला फोन केला. काय सांगायचं ते पाठ केलं होतं, पण तिला बिलाचं आधीच माहीत. मास्तरांनी माझा हॉल फळ्यावर काढला होता, तेवीस हीटर आणि माझी खोली धरून. वर्गाने बिल काढलं, फक्त सतरा रुपयांनी चुकलं. उदाहरण चांगलं आणलं म्हणून मास्तरांनी तिला परीक्षेला बसू द्यायचं कबूल केलं, मात्र हप्त्यातलं थोडं तरी आत्ताच भरायला हवं. मी म्हटलं, म्हणजे तुला परीक्षेला बसवलं ते मीच. ती हसली नाही. म्हणाली, "दादा, असतील तेवढे पाठव. बाबांना मी पूर्ण आले म्हणून सांगते."
पहिला टप्पा पाठवतोय : तीनशे चाळीस.