कातीत जागलेल्या अळ्या

१२ नोव्हें.
कागदावर रेशमाची बॅच अठ्ठावीस दिवसांची. खरी किंमत वेगळी. माझा तंबाखू गेला (वासानंसुद्धा अळी मरते). बायको, सुमन, खिडकी लावून फोडणी देते, डोळे लाल. तिच्या भावाकडचं बारसं हुकलं. दोघांच्या कमरा गेल्या. एवढं गेल्यावर कोष.
आज चौथी कात लागली (कातडी टाकायच्या आधीची झोप). पाला बंद, चुना भुरभुरला. अळ्या मान वर करून थिजल्या.

१३ नोव्हें.
सकाळी शेडमध्ये कुरकुर. कातीत शेड गप्प पाहिजे. कान लावत गेलो. तिसऱ्या रॅकवर मधेमधे काही जाग्या, वाळक्या पाल्यावर चालू. चकचकीत, भरलेल्या. सु. म्हणाली, "मागं पडल्यात का?" मागं पडलेली बारीक असते, ही जाड. म्हणालो, दणकट बियाणं आहे. मूठभर पाला टाकला. कातीत टाकत नाहीत, माहीत आहे. तरी टाकला.
दुपारी चुडाव्याहून गंगाधर. माझ्याच चॉकीखोलीतून (अंड्यातनं निघालेल्या अळ्या वाढवून विकतो ती खोली) दहा दिवसांची पिल्लं नेतो, माझ्या अन् त्याच्या अळ्या एकाच दिवशी अंड्यातनं निघालेल्या. "अण्णा, माझ्या बी काई जाग्याच हायत्या. चुन्यात टाकू का काढून?"
टाकू नको म्हणालो, पाला दे. सहा वर्षांत माझ्या खोलीतनं रोगट अळी बाहेर गेलेली नाही.
"मंग काय. औंदा मुकादमाला न्हाई म्हनून आलोय, तुमच्या भरवशावर. बायकोनं कोयता पार माळ्यावर टाकलाय."
बरं वाटलं. मीही उसाच्या फडातल्या कोपीतच वाढलो.

१८ नोव्हें.
सकाळी शेडच्या दारात उभा. खाण्याचा आवाज छान, सुपात जोंधळा पाखडल्यासारखा. आत गेलो तर अळ्या रॅकच्या कडेनं चालत सुटलेल्या. एक बोटाला लागली, फुटली. दुधासारखं पाणी.
ग्रासरी. रोग माहीत नाही असं नाही, पण एखाददुसरी. आज मोजणं सोडलं. सु. बादली घेऊन आली.

१९ नोव्हें.
पुतणी वैशाली आली, परभणीला कॉलेजात हेच शिकते. तपासायला शेडमधल्या दहा अळ्या घेतल्या, चॉकीखोलीत वाटून उरलेल्या ट्रेतल्या दहा वेगळ्या डबीत.
"काका, विषाणू आत शिरला की पेशीला कळतं. मग ती स्वतःच मरते. तिच्या आत कात्र्या असतात म्हणा, त्या चालवून स्वतःचे तुकडे करते. ती मेली की विषाणूला वाढायला जागा नाही, शेजारच्या वाचतात."
मग ह्या का नाही वाचल्या?
"हा विषाणू एक प्रथिन करून ठेवतो. कात्री ते कापायला जाते अन् त्यातच अडकून बसते. पेशीला मरताच येत नाही. गच्च भरेपर्यंत जगवतो तिला."
अन् कात?
"ती पण तोच थांबवतो, दुसऱ्या युक्तीनं. अळी झोपत नाही, खात राहते. खाते ते त्याच्यासाठी. कातीत जाग्या दिसल्या नव्हत्या का तुम्हाला?"
दिसल्या होत्या. ऐकूही आल्या होत्या. पाला मी दिला.
पेन धरून बसलोय. जी मरायला पाहिजे ती मेली नाही म्हणून सगळं. हे डोक्यात मावत नाही.

२० नोव्हें.
सु.चं म्हणणं: "चुडाव्याला इतक्यात कळवू नका. आपल्या शेडमधलंच असंल. कोंबड्या हिंडत्यात हितं." मागच्या बॅचच्या मेलेल्या अळ्या मीच कोंबड्यांना घातल्या होत्या. त्यांच्या विष्ठेतूनही पसरतं, वै. म्हणते. तसं असेल तर चॉकीखोली दोषातून सुटली, मी एकटा बुडालो. दिवसभर तसंच असावं असं वाटत राहिलं.
गं.चा फोन दोनदा. उचलला नाही.

२१ नोव्हें.
गाडी काढून चुडाव्याला गेलो. गं. दारातच. "या अण्णा. परवापासून लय खायल्यात. तुमी म्हनलात ना दणकट, मंग मी काय केलं, त्या जाग्या निवडल्या अन् समद्या रॅकवर थोड्या थोड्या वाटल्या. बाकीच्यांना बी वळन लागावं."
त्याच्याकडे कोंबडी नाही.
उभ्या उभ्या सांगितलं सगळं. तो ऐकत होता, हात ट्रेतच. मग म्हणाला, "म्हंजी चुन्यात टाकायला निघालतो, ते बरुबर होतं."
होय म्हणालो.
त्यानं हात काढून घेतला, धोतराला पुसला. मागं त्याची बायको फांद्यांचा भारा घेऊन उभी. "पाला टाकू का नको?" एकदा त्याला विचारलं, एकदा मला.


२२ नोव्हें.
या खेपेची चॉकी अजून अकरा घरी गेलेली. सकाळपासून फोन. सोनपेठचा म्हणाला, "माझ्या तर एक नंबर हायत अण्णा, उगं भ्या दाखवू नका." तिघांनी उचलला नाही. गं.कडून काही नाही.
वै.चा निकाल आला. शेडमधल्या दहापैकी आठांत विषाणू. चॉकीखोलीतल्या ट्रेत, जो दाराबाहेर कधी आलाच नाही, दहापैकी चारांत. विचारत होती, आधीचे रिपोर्ट असतील तर पाठवा, ताडून बघते.
आधीचे नाहीत. सहा वर्षांत चॉकीखोलीतली अळी तपासायला दिली ती ही पहिल्यांदा.