छत्री "येतो" म्हणते

१ डिसेंबर, सोमवार
आजपासून मी यवतमाळची. सकाळच्या एसटीने आर्णीहून निघाले. दोन बॅगा, एक गादी आणि आईने कोंबलेला चिवडा. काड्या मोडलेली जुनी छत्री आर्णीच्या स्टँडवरच कचऱ्यात फेकली. नव्या नोकरीला जुनं लटांबर कशाला? खोली झकास आहे, वरच्या मजल्यावर, खिडकीतून अंगण आणि फाटक दिसतं. खाली घरमालकीण कांताबाई एकट्या राहतात. आणि नोकरी कसली, तर मोबाइलवरच्या उड्या मारायच्या खेळाचं मराठी करायची. एम. ए. मराठी करून काय दिवे लावणार, असं विचारणाऱ्या काकांना मुद्दाम फोन केला.

२ डिसेंबर
घाईघाईत "जातो काकू" म्हणून निघाले, तर कांताबाईंनी फाटकातून परत बोलावलं. "अनघा, जातो नाही म्हणू माय. येतो म्हणावं." बसवलं, पाणी पाजलं, मग सोडलं. आमच्याकडे बायाही स्वतःबद्दल येतो-जातो असंच बोलतात. मी चरफडत "येतो" म्हटलं. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ये माय." दुसऱ्याच दिवशी उशीर. कंपनीचे मालक इंद्रजित सरांनी सगळ्यांसमोर घड्याळ दाखवलं. सगळे म्हणजे एकटा पियूष.

४ डिसेंबर
खेळ मात्र गोड आहे, जपानी लोककथांवरून घेतलेला. तिकडे म्हणे जुन्या वस्तूंमध्ये जीव येतो, आणि फेकून दिलेली वस्तू रागाने मालकाला शोधत निघते. एका पायावर टुणटुण करणारी, एका डोळ्याची छत्री. जीभ काढणारा कागदी कंदील. पेंढ्याची वहाण. आपण खेळतो ती कोल्हीण छपरांवरून उड्या मारत येते आणि त्यांच्या डोक्यावर टपकन पडते. वस्तू निरोप घेते, कोल्हीण वाकून उत्तर देते, आणि वस्तूचा धूर होतो.
यंत्राने केलेलं भाषांतर सरांनी माझ्यापुढे टाकलं. निरोपाला "जातो" आणि उत्तराला "जा". माझं डोकंच फिरलं. असं कोणत्या घरात बोलतात? तासभर भांडले. सर म्हणाले, त्या वस्तू परत येणारच नाहीत, मग येतो कशाला. मी म्हटलं, मराठी मला शिकवू नका. शेवटी जिंकले. वस्तू "येतो" म्हणतील, कोल्हीण "ये" म्हणेल.

९ डिसेंबर
आवाज द्यायला कोणी मिळत नाही म्हणे. सरांनी कोपऱ्यात गोधड्या टांगल्या आणि मलाच आत उभं केलं. छत्री मी, कंदील मी, वहाण मी, कोल्हीणही मीच. घसा बसेपर्यंत "येतो" आणि "ये". नंतर पाहिलं, तर खेळाच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीवर "भाषा व संवाद: इंद्रजित" एवढंच. इतका संताप आला की डबा तसाच घरी आणला.

१२ डिसेंबर
पियूषचं काम दिवसभर खेळ खेळून चुका शोधायचं. मागच्या पावसाळ्यात नाल्यात फेकलेली त्याची काळी छत्री आज सकाळी खोलीच्या दाराला टेकून होती म्हणे. ओली. डिसेंबरात. "हा मजाक तूच करून राह्यली न?" म्हणून माझ्याच अंगावर आला. मीही ऐकवलं.

१५ डिसेंबर
पियूषच्या दाराशी छत्रीनंतर स्टोव्ह, मग तुटकी चप्पल, मग कंदील. सगळं त्यानेच कधी ना कधी फेकलेलं. वस्तू आत येत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहतात आणि माझ्या आवाजात "येतो" म्हणतात, असं सांगताना तो रडला. मग मला हसता आलं नाही. उत्तर देऊ नकोस म्हटलं, तर म्हणाला, "मी कायले देतो?"

१६ डिसेंबर
पियूष कामावर आला नाही. दुपारी त्याच्या खोलीवर गेले. दार सताड उघडं. मधोमध खाट, आणि खाटेभोवती गोल करून छत्री, स्टोव्ह, चप्पल, कंदील. खाटेवर फक्त त्याचा फोन. खेळ चालूच होता. कोल्हीण वाकून माझ्या आवाजात म्हणत होती, ये. ये. ये.
त्याने उत्तर दिलं नव्हतं. मी दिलं होतं. त्याच्या भावाला फोन केला, तो उमरखेडहून निघाला आहे.

१७ डिसेंबर
सरांना म्हटलं, वीस तारखेला खेळ लोकांच्या फोनवर जायच्या आत शब्द बदला. "जातो" करा, "जा" करा, तुमचंच खरं. हसले. फाइल कधीच गेली म्हणाले, आणि येतोसाठी कोण भांडलं होतं? पियूषचं विचारलं, तर म्हणाले, अशी पोरं पळतातच. मी हातातला चहा त्यांच्या कीबोर्डवर ओतला. नोकरी गेली. शब्द तसाच राहिला.

१८ डिसेंबर
जिन्यावर ओले ठिपके. प्रत्येक पायरीवर एकच. पहिली लेव्हल मीही खेळले होते –
दाराबाहेर माझी छत्री. आर्णीची. त्याच मोडक्या काड्या. माझ्याच आवाजात म्हणाली, येतो. मी ओठ घट्ट मिटले. राग इतका आला की लाथ मारली, उचलून खिडकीतून फेकून दिली.
पुन्हा फेकली. हेच करायला नको होतं –

१९ डिसेंबर
परत आली. सोबत माझी शाळेची चप्पल, फुटका टेबललॅम्प. जुनं सामान जिन्यात ठेवू नको म्हणून कांताबाईच रागावल्या. मी हात जोडले. कुणीही येतो म्हटलं तरी ये म्हणू नका, मी म्हटलं तरी. त्या भडकल्या. "घरून निघणाऱ्याले ये नाही म्हणू, त काय जा म्हणू? काहून अशी करून राह्यली तू?"
मी बाहेर पडत नाही. वस्तू आत येत नाहीत. कोणी ये म्हणत नाही तोवर –

२० डिसेंबर
दुपारचे बारा. खेळ गेला असेल सगळीकडे. किती घरं – आणि सगळीकडे माझाच आवाज –
छत्री जिना उतरते आहे. टुण. टुण. निघाली वाटतं –
अंगणात सुपाचा आवाज. खिडकीतून कांताबाई दिसतात, मान खाली. छत्री फाटकापाशी –
थांबली.
माझा आवाज. रोज सकाळी कामाला निघतानाचा, घाईतला. "येतो काकू."
मी वरून ओरडले, नका म्हणू – पण तो आवाज त्यांच्या जवळ होता – सूप थांबलं नाही, मान वर झाली नाही –
"ये मा