जेवून जा

३ नोव्हेंबर २००३
देवळ्याहून आले. लेकाचं, शेखरचं घर नाशकात सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. सून हर्षालीने माझी खोली झाडून, पुसून, नवी चादर घालून ठेवली होती. नात सृष्टी पाचवीत. आल्या आल्या तिने माझ्या बटव्यातली सुपारी शोधली. घर कसं भरल्यासारखं वाटतं.
एकच खोड सोबत आली. डोक्यात दिवसभर खाणं. जेवताना पुढच्या जेवणाचा विचार. कांदेकाढणीला वीस बायांच्या भाकरी थापल्या मी. हात थांबले, पण डोकं काही चुलीपासून उठेना. त्यात साखरेचा आजार.

६ नोव्हेंबर
डॉक्टरांनी मन शांत करायची गोळी लिहून दिली. शेखर गोळीच्या बाजूचा. हर्षालीने मात्र दिशा मॅडमकडे नेलं. त्या बोलून बरं करतात. त्यावरून नवराबायकोची जुंपली. शेखर म्हणाला, बोलून भूक जात असती तर पुढारी कधी जेवलेच नसते. हर्षाली म्हणाली, गोळीने विचार जाईल, पण आईंचं हसणंही गेलं तर काय करायचं.
मी मॅडम निवडल्या. ही वही त्यांनीच लिहायला सांगितली. म्हणाल्या, विचाराला हाकलू नका, पाहुणा आलाय समजा. बसू द्या, आपसूक जाईल.

७ नोव्हेंबर
दुपारी विचार आला. ये बाबा, बस म्हटलं. पण आमच्या घरून पोस्टमनसुद्धा कधी उपाशी गेला नाही. पाहुण्याला कोरडं कसं बसवायचं? पाट मांडला, भाकरी-पिठलं वाढलं, जेवून जा म्हटलं.
आणि खरंच, दोन तास डोकं निवांत. ताट लख्ख. वाटलं, नादात मीच खाल्लं. पण संध्याकाळी शेखरने बोट टोचून साखर पाहिली, तर कमी होती. हर्षालीने मला मिठीच मारली.

११ नोव्हेंबर
आता बोलवावं लागत नाही. पाट सरकतो. दिसत कुणी नाही, चावणं ऐकू येतं. उद्या काय करणार, विचारतो. आवाज माझाच आहे.
डबे रिकामे झाले. शेखरला वाटतं, मीच खाते. त्याने स्वयंपाकघराला कुलूप लावलं. मी मिठाईच्या दुकानात जाऊ नये म्हणून बाहेरच्या दारालाही. दुसरी किल्ली सृष्टीकडे, ती शाळेतून साडेबाराला येते. मायेपोटीच केलं त्याने. पण पाट कुलपाच्या आत होता. आता माझ्या खोलीत आहे.

१३ नोव्हेंबर
मॅडमना फोन केला. पाहुणा उठायचं नाव घेत नाही म्हटलं. त्या गोड हसल्या. वत्सलाताई, छान चाललंय, भांडू नका त्याच्याशी. मी त्याला वाढलंय, हे सांगणार होते. पण माझ्या शेजारचं चावणं थांबलं. तो ऐकत होता.

१४ नोव्हेंबर
शेखरकडून गोळी मागून घेतली. तो खूश. तोंडाला कोरड, पण खाण्याचा विचार गेला. माझा गेला. त्याचा नाही. मोकळ्या डोक्यात आता नुसतं त्याचं चावणं.
काय चावतो? मी तर काही वाढलं नाही.

१६ नोव्हेंबर
सृष्टीला तेल लावत होते. ही कोण, त्याने विचारलं. नात म्हटलं. मग म्हणाला, कोवळी आहे.

१७ नोव्हेंबर
शेखरला सांगितलं, पोरीला दुपारी इथे येऊ देऊ नको. पाया पडले त्याच्या. त्याने एकीऐवजी दोन गोळ्या चालू केल्या.

१८ नोव्हेंबर
सव्वाबारा. दोघं कामावर. दार बाहेरून बंद. हाका मारल्या, शेजारचं कुणी —
पाट दाराशी गेलाय.
तिकडे नको बघू म्हटलं. इकडे ये, मी वाढते. घरात माझ्याशिवाय काही नाही —
जिन्यात तिचे बूट.
डावा हात ताटात ठेवलाय. उजव्याने लिहिते. जेव बाबा. तिच्याआधी पोट भ