जिन्याखालचं कपाट

प्रिय टिल्लू,

घर विकून बाबांना तुझ्याकडे न्यायचं, असं तू फोनवर म्हणालास आणि मी ‘बघू’ म्हणून विषय बदलला. तू चिडलास, ते कळलं मला. पण फोन आला की बाबा कान टवकारून शेजारीच बसतात, म्हणून हे पत्र. चांगला सहा फुटी घोडा झालास तरी टिल्लूच लिहितेय, तेवढं सहन कर.

गेल्या आठवड्यात जिन्याखालचं कपाट आवरायला काढलं. लोकांच्या जिन्याखाली चपला आणि रद्दी, आपल्याकडे संकटाची जय्यत तयारी. तळाशी पाण्याचे कॅन, दोरी आणि कोरड्या कपड्यांची बोचकी. मधल्या फळीवर टॉर्च, सेल, काडेपेट्या, रेडिओ. वर औषधं आणि बिस्किटं. जन्मभर वादळवाऱ्यात विजेच्या खांबांवर चढलेल्या लाइनमनचं घर, दुसरं काय असणार! बिस्किटांची मुदत संपत आली की ती आपण खायची आणि नवी आणून ठेवायची, असा नियम होता. तू त्या मुदतीवर टपून असायचास. ताज्या पुड्यालाही वास येतोय, असं आईला शपथेवर सांगायचास, आणि ती बिचारी खरं मानल्यासारखं करायची.

आणि ती अंधाराची परीक्षा! ऐन जेवायच्या वेळी बाबा न सांगता मेन स्विच बंद करायचे. आई स्वयंपाकघरातून करवादायची, की पोळी तव्यावर आहे, निदान एवढी होऊ द्या. मग बाबा शांतपणे विचारायचे, टॉर्च कोण आणतंय? धावायचं नाही, धडपडायचं नाही. भिंतीला हात लावून जायचं, आणि हात घातला की वस्तू हातात आली पाहिजे. माणसं अंधारामुळे पडत नाहीत, शोधाशोध करताना पडतात, असं ते म्हणायचे. तू एकदा मोठ्या ऐटीत टॉर्च म्हणून आईचं लाटणं आणून दिलंस. आई हसता हसता खाली बसली. नंतर मेणबत्तीच्या उजेडात जेवताना तुझ्याकडे नुसतं पाहिलं तरी तिला पुन्हा हसू फुटायचं. फार आठवतं रे ते सगळं. आईचं हसणं तर फारच.

तर मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी हौसेने एकसारखे डबे आणले. प्रत्येकावर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आणि सगळी मांडणी नव्याने केली. औषधं मधल्या फळीवर घेतली, सेल वर टाकले, आणि स्वतःच्या कामावर जाम खूश झाले. दुपारी बाबांना म्हटलं, रेडिओ बंद पडलाय, जरा सेल आणून देता का? ते नेहमीसारखे ताठ चालत गेले, मधल्या फळीवर हात घातला आणि डबा आणून माझ्यापुढे धरला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. डब्यावर माझ्याच अक्षरात ‘औषधं’ लिहिलेलं होतं.

“घे सेल,” बाबा म्हणाले.

मी डबा घेतला तेव्हा आतल्या बाटल्या वाजल्या. तो आवाज ऐकून ते जागच्या जागी थांबले. मग हळूच विचारलं, “कपाट हलवलंस का गं?”

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांच्या नसा हळूहळू निकामी होत गेल्यात आणि गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. म्हणजे इतके महिने हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत चहा करत होता, दाढी करत होता, जिना चढत-उतरत होता, आणि मला पत्ताही लागला नाही. तुला सांगायचं नाही म्हणून त्यांनी मला बजावलंय. तरी सांगतेय, कारण नाहीतर तू घरासाठी गिऱ्हाईक बघायला लागशील. तुझ्याकडे लिफ्ट आहे, चोवीस तास वीज आहे, आणि तू त्यांना तळहातावर झेलशील, हे मला माहीत आहे. पण घर विकू नकोस रे. तुझ्या दारात पाऊल ठेवलं, की त्या क्षणी बाबा आंधळे होतील. इथे ते अजून झालेले नाहीत.

तुझीच,
ताई