वेळ अमावस्येची आंबील

आप्पा,

काल वेळ अमावस्या झाली. वळसंगच्या आपल्या शेतात यंदा आंबील मी शिंपली. सांगायचं एवढंच आहे, पण तुम्हांला एका वाक्यात कधी काही पटलंय का?

मी दहा-अकरा वर्षांची असेन. कडब्याच्या खोपीत पूजा झालेली, सगळे भुकेले, आणि उभ्या पिकाभोवती आंबील शिंपून आल्याशिवाय जेवण नाही. मी म्हणाले, यंदा मी जाते. तुम्ही हसलात. "पोरीचं काम न्हाय ते. तू भाकरी-भज्जी वाढ." आंबिलीचा तांब्या दिलात चुलतभावाला, तोही माझ्याहून लहान. त्यानं निम्मी आंबील स्वतःच्याच सदऱ्यावर सांडली, तरी कौतुक त्याचंच! आणि त्याच वर्षी शाळेला जायला मला नवी सायकल आणलीत, घरातल्यांनी नावं ठेवली तरी. तुमचं मला कधी कळलंच नाही.

तुमच्यामागं शेत मीच बघते. सोलापुरातली नोकरी सांभाळून पेरणी, खत, मजूर, मोटार, सगळं. शिंपायला मात्र दर वर्षी चुलतभाऊ पुण्याहून यायचा, गॉगल लावून. यंदा त्याला सुट्टी मिळाली नाही. काकू म्हणाली, "गडीमाणूस पायजे. शेजारच्या शेतातल्या मामांना बोलवा." म्हणजे ज्वारी माझी आणि मान शेजाऱ्याचा! मी आतून नुसती धुमसत होते.

मामा आले ते पोटावरून हात फिरवतच. "लई जेवलोय बगा. आता बांधानं चालवत न्हाय. ताई, तुमीच शिंपा की," म्हणाले आणि बाभळीखाली आडवे झाले. काकूनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा भुकेल्या पोरांकडं, आणि तांब्या माझ्या हातात दिला. "दमानं जा. कोपरा सोडू नगंस."

इतक्या पिढ्यांची रीत मोडली ती मामांच्या भरल्या पोटानं! मला हसू आवरेना. ज्वारी छातीपर्यंत आलेली, मी हाळी देत, आंबील उडवत बांधानं चाललेली, मागून पोरं ओरडतायत. आप्पा, मी फार फार खूश होते. परत आल्यावर काकूनं पहिलं ताट मला वाढलं.

सगळे म्हणत होते, आप्पा असते तर त्यांना केवढा अभिमान वाटला असता. मी मान हलवली. तुम्हांला आता पोस्टाचा पत्ता नाही तेच बरं, तो असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. कारण तुम्ही खोपीपाशी असता, तर तांब्याला हात लावण्याआधी मी तुमच्याकडं बघितलं असतं. आणि तुम्ही नको म्हणाला असतात, तर या वयातही मी ऐकलं असतं.